एकच वाद्य, चार आवाज: गजाननबुवा, जोग, दातार, राजम (श्रवणसत्रासाठी मदत हवी)

सायंमेळा:
आमच्या मंडळात पुढच्या महिन्यात दीड तासाचं श्रवणसत्र आहे. विषय हिंदुस्थानी व्हायोलिन. नावं ठरली आहेत: गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार आणि एन. राजम. ध्वनिमुद्रणं जमली आहेत, बोलायचं काय हा प्रश्न आहे. जन्म, गुरू, पुरस्कार वाचून दाखवले की लोक चहाची वाट बघायला लागतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.
१. जोग आणि दातार दोघेही मराठी, वयात जेमतेम दहा वर्षांचं अंतर, तरी ओळीने ऐकलं तर वाद्यच बदलल्यासारखं वाटतं. याचं कारण घराणं, हात की तारा?
२. मध्ये वीस मिनिटं प्रात्यक्षिक आहे. वाजवणारी मुलगी पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेली, व्हायोलिन जी-डी-ए-ई लावलेलं. एक तुकडा काळी एकमध्ये आणि एक काळी चारमध्ये (हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्यांवरून ओळखला जाणारा षड्ज) हवा आहे. तारा कशा लावायच्या?
३. दीड तासाची वाटणी कशी करावी?

मंद्र:
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. व्हायोलिनवादकाचं चरित्र वाचताना 'कोणाकडे शिकला' याच्या बरोबरीने 'कोणाच्या शेजारी बसून वाजवलं' हे बघा. आवाजाचा निम्मा उलगडा तिथेच होतो.

तुमच्या चार नावांपैकी तिघांची मुळं एकाच माणसापाशी जातात: बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६). त्यांचे एक शिष्य अंतुबुवा जोशी, म्हणजे गजाननबुवांचे वडील. दुसरे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, मिरजेत शिकलेले. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, हे दातारांचे गुरू. आणि विष्णु दिगंबरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर (१८९७–१९६७) हे राजम यांचे गुरू. तिन्ही फांद्या ग्वाल्हेरच्या, तिन्ही गायकांच्या. त्यामुळे या तिघांना 'गायकी अंग' (वाद्यावर गळ्यासारखं गाणं) हा शब्द लागू होतो, पण प्रत्येकाचा गायक वेगळा होता आणि ते कानाला लगेच कळतं.

गजाननबुवा (१९११–१९८७) स्वतःच मोठे गायक. ग्वाल्हेर घरची, पुढे भूर्जीखाँकडून जयपूरची आणि विलायत हुसेन खाँकडून आग्र्याची तालीम. त्यांचं व्हायोलिन म्हणजे गळ्यातलं हातात उतरलेलं. बंदिशीची मांडणी, बोलांचं वजन, लयीशी झटापट, सगळं ख्यालाचं. शिष्यांमध्ये मात्र गायकांची नावं आधी येतात, उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर. म्हणून व्हायोलिनच्या चर्चेत बुवा मागे पडतात. माझ्या मते सत्राची सुरुवात त्यांच्यापासूनच करा.

दातारांचा जन्म १९३२ चा. व्हायोलिनचा हात विघ्नेश्वरशास्त्रींकडे तयार झाला, संगीत पलुस्करांकडून आलं, त्यांच्या साथीला बसून. पलुस्करांची गायकी आटोपशीर आणि स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. दातारांचा गज तसाच: लांब, सारख्या दाबाचा, कुठून वळला ते कळू न देणारा. पलुस्कर १९५५ च्या ऑक्टोबरात गेले, वय अवघं चौतीस. तेव्हा दातार तेवीस वर्षांचे होते. पुढची साठ वर्षं त्यांचं वाजवणं त्या मितभाषी वळणाचंच राहिलं. २०१८ मध्ये मुंबईत गेले.

राजम यांचा जन्म १९३८ चा, घर कर्नाटक संगीताचं. वडील नारायण अय्यर हेच पहिले गुरू, भाऊ टी. एन. कृष्णन कर्नाटक पद्धतीतले नामांकित व्हायोलिनवादक. म्हणजे बोट घसरवण्याचं तंत्र लहानपणीच पक्कं झालं होतं. त्यावर ओंकारनाथांचं गाणं बसलं. ओंकारनाथ एकाच स्वराला लहान-मोठा करत, शब्द कधी कुजबुजत, कधी गर्जत. राजम यांच्या वादनात आवाजाचा हा चढउतार सतत असतो. दातारांच्या शेजारी त्यांची तबकडी लावली तर फरक दहा सेकंदांत कळेल. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे चाळीस वर्षं शिकवलं. मुलगी संगीता शंकर आणि भाची कला रामनाथ ही त्या हाताची पुढची पिढी.

जोगांची (१९२२–२००४) वाट निराळी. ते भातखंडे परंपरेतले, रातंजनकरांचे शिष्य, आणि शिवाय बाबा अलाउद्दीन खाँची तालीम. (बाबा स्वतः व्हायोलिन वाजवत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.) त्यांच्याकडे गायकी आहेच, पण सतार-सरोदवाल्यांची तंतकारीही आहे: गत, तुटक बोल, तिहाया, झाला (मोकळी तार छेडत केलेलं जलद वादन). शेवटची बरीच वर्षं कोलकात्यात गेली, आणि बिस्मिल्ला खाँबरोबरच्या जुगलबंद्या गाजल्या. समोर सनई असली की लांब मींड (स्वरातून स्वरात घसरत जाणं) कितीही सुंदर काढा, सनईची फुंक त्याहून लांब टिकते. तिथे उत्तर लयीनेच द्यावं लागतं. जोगांचा खेळकरपणा स्वभावातला असेलही, पण त्या बैठकीची ती गरजही होती.

नगमा:
'मंद्र' यांचा वंशवृक्ष बरोबर आहे, पण एक मोठं कारण त्यातून निसटलं: रेडिओ. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सैल झाली. तीस वर्षं रेडिओवर ख्यालाच्या साथीला पेटी नाही. मग उरलं कोण? सारंगी आणि व्हायोलिन. या पिढीला केंद्रांवर काम मिळालं, रोज वेगवेगळ्या गायकांच्या पट्ट्यांत वाजवायचा सराव मिळाला आणि सोलोचे प्रसारणाचे वेळही मिळाले. जोगांची कारकीर्द आकाशवाणीच्या नोकरीत घडली ती याच काळात. बंदी नसती तर हे सगळे कदाचित सभेत दिसलेच असते, पण इतके नाही.

आजही धंद्याचं गणित फार बदललेलं नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद-अलंकार परीक्षा शिकवण्यासाठी उपयोगी, कार्यक्रमासाठी आकाशवाणीची श्रेणी विचारतात: बी, बी-हाय, ए, टॉप. सोलोवर कोणाचंच घर चालत नाही. साथ, शिकवण्या, नृत्याला आणि तबल्याला लेहरा (तालाचं आवर्तन धरून ठेवणारी धून), नाट्यगीत-भावगीताच्या कार्यक्रमातलं काम, या सगळ्यातून महिना भरतो.

आणि साथ ही स्वतंत्र विद्या आहे. गायकाच्या अर्धं पाऊल मागे राहायचं, त्याच्या तोंडातली जागा आधी वाजवून दाखवायची नाही. विलंबितात तो श्वास घेईल तेवढीच फट आपली. तान चालू असताना समांतर वाजवू नये, तानेची शेपटी उचलून सोडून द्यावी. समेच्या आधीची दीड-दोन मात्रा गायकाची, तिथे गज हलका. पलुस्करांच्या मैफलींची मुद्रणं असतील तर दातारांचा सोलो लावण्याआधी त्यातली दोन मिनिटं लावा.

घोडीवाला:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दोन जुळण्या प्रचलित आहेत, दोन्ही जाड तारेकडून बारीक तारेकडे सांगतो.

प सा प सां: पुरुष पट्टीला सोयीची.
सा प सा प: कर्नाटक संगीतातली, स्त्री पट्टीला सोयीची.

काळी एक (सी शार्प), प सा प सां:
जी तार अर्धा स्वर वर → जी शार्प
डी तार अर्धा स्वर खाली → सी शार्प
ए तार अर्धा स्वर खाली → जी शार्प
ई तार दीड स्वर खाली → सी शार्प

काळी चार (जी शार्प), सा प सा प:
जी तार अर्धा स्वर वर → जी शार्प
डी तार अर्धा स्वर वर → डी शार्प
ए तार अर्धा स्वर खाली → जी शार्प
ई तार अर्धा स्वर खाली → डी शार्प

नीट बघा, चौथी आणि दुसरी तार (जी आणि ए) दोन्ही जुळण्यांत जी शार्पवरच आहे. काळी एकमध्ये तिला पंचम म्हणायचं, काळी चारमध्ये षड्ज. म्हणजे मंचावर पट्टी बदलताना फक्त डी आणि ई या दोन तारा एक-एक स्वर वर घ्यायच्या. म्हणून काळी एकचा तुकडा आधी ठेवा की काळी चारचा, हा प्रश्न फार मोठा नाही. पण तार खाली उतरवली की थोड्या वेळाने आपोआप किंचित चढते आणि वर चढवली की उतरते, एवढं लक्षात ठेवून वाजवण्याआधी पुन्हा तपासायचं.

ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. अर्धा स्वर वर नेला की साधारण १२ टक्के वाढतो, एक स्वर वर नेला की २६ टक्के. अर्धा स्वर खाली ११ टक्के कमी, दीड स्वर खाली २९ टक्के कमी. काळी चारच्या जुळणीत दोन तारा चढतात, दोन उतरतात, एकूण भार जवळपास तेवढाच राहतो, वाद्याला काही होत नाही. काळी एकमध्ये ई तार मात्र २९ टक्के ढिली. नेहमीची बारीक ई असेल तर गज जरा दाबला की स्वर हलतो आणि तार फडफडते. जाड गेजची ई लावा, शक्यतो वरून गुंडाळलेली. नुसत्या पोलादी तारेला मोकळी वाजवताना शिट्टी येण्याची खोड असते, गुंडाळलेलीत ती कमी.

ए तार ई च्या जागी लावून सी शार्पपर्यंत चढवायची कल्पना कोणी सुचवेल. नका करू. ती दोन स्वर वर जाते, ताण दीडपटीच्या पुढे, तुटते किंवा घोडी (तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी) दाबते.

लावताना:
• एका वेळी एकच तार हलवा, थोडी थोडी, चारही तारांवरून तीन फेऱ्या. एक तार बदलली की उरलेल्या तिघींचा स्वर सरकतो.
• प्रत्येक फेरीनंतर घोडी बाजूने बघा. तारा चढवल्या की घोडीचा माथा फिंगरबोर्डकडे झुकतो. टेलपीसकडची बाजू पोटाशी (वाद्याच्या वरच्या फळीशी) काटकोनात हवी. झुकली असेल तर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून माथा मागे घ्या. झुकलेली घोडी एक दिवस पडते आणि पोटाला तडा देते.
• चारही तारा एकदम काढू नका. आतला साउंडपोस्ट (छोटा लाकडी खांब) नुसत्या दाबावर उभा असतो, तो आडवा होईल.
• नव्या तारा किमान तीन दिवस आधी लावा.
• चारही तारांना फाइन ट्यूनर असतील तर मंचावर जीव वाचतो, पण त्यांची हालचाल जेमतेम अर्ध्या-पाऊण स्वराची. एक स्वर बदलायला खुंटीच लागणार.
• पंचमाची तार ट्यूनर यंत्रावर लावू नका, तंबोऱ्यावर कानाने लावा. यंत्रातला समान अंतराचा पंचम खऱ्या पंचमापेक्षा किंचित उतरता असतो, दोन मोकळ्या तारा एकत्र वाजवल्या की तो हेलकावा घेतो.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, विदर्भाकडच्या उन्हाळ्यात आक्रसून सुटतात. अडकलेल्या खुंटीला पक्कड लावू नये, डोकं तुटतं. सुटणारीला खडूची पूड पुरते.

सायंमेळा:
घोडीवाला, दोन तारांची युक्ती फारच कामाची, आभार. दोन उपप्रश्न. एक, काळी एकमध्ये गायकाबरोबर वाजवलं तर व्हायोलिन नेहमी वरच्या सप्तकात का ऐकू येतं? दोन, मुलगी उभी राहून, हनुवटीखाली धरून वाजवते. तिला बसवावं का?

घोडीवाला:
वर ऐकू येतं कारण ते वरच असतं. काळी एक गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ. व्हायोलिनची सगळ्यात जाड तार जी शार्पला २०८ हर्ट्झवर सुरू होते, म्हणजे गायकाच्या मध्य पंचमावर. त्याचा षड्ज वाद्यात नाहीच. म्हणून सगळं एक सप्तक वर वाजवायचं. काळी चार गाणाऱ्या बाईंचा मध्य षड्ज मात्र बरोबर त्या जाड तारेवर येतो, तिथे त्यांच्याच सप्तकात साथ करता येते, फक्त त्यांचा मंद्र सापडत नाही. खरजाच्या बाजूला हे वाद्य तोकडंच. काही जण म्हणून व्हायोलाच्या तारा लावतात.

मंद्र:
बसवण्याबद्दल: एका महिन्यात बसून वाजवायला लावू नका, हात बिथरेल. पण लोकांना बैठक दाखवा, कारण आवाजाचं एक गुपित तिथे आहे.

मांडी घालून उजवा पाय थोडा पुढे, वाद्याचं डोकं उजव्या घोट्याजवळ टेकलेलं, खालचं टोक डाव्या खांद्याखाली छातीला. वाद्य दोन ठिकाणी टेकल्यामुळे डाव्या हातावर भार शून्य. हनुवटीखाली धरलं की थोडा तरी आधार अंगठ्याला द्यावा लागतो, आणि हात खालून वर झपकन सरकवला की वाद्य हलतं. म्हणून पाश्चात्त्य हात चार बोटांची जागा ठरवून वाजवतो, आणि आपला हात पहिल्या-दुसऱ्या बोटाने तारेवरून चालतो. मींड सप्तकभर लांब येते ती यामुळे.

अवघड काय, ते आकड्यात सांगतो. तारेची वाजणारी लांबी साधारण ३२८ मिलिमीटर. मोकळ्या तारेजवळ अर्ध्या स्वराचं अंतर १८ मिलिमीटर, सप्तकभर वर गेलं की ९. म्हणजे खाली एक मिलिमीटर चुकलं तर अर्ध्या स्वराचा साधारण अठरावा भाग, वर चुकलं तर नववा. वरच्या षड्जावर मींड थांबवताना अर्धा मिलिमीटरही ऐकू येतो. यावर एकच मेहनत: एका तारेवर, एकाच बोटाने, एकाच गजात, आठ मात्रांत सा ते सां, मग उलट. तंबोरा चालू. पोचल्यावर बोट हलवून स्वर 'दुरुस्त' करायचा नाही; चुकलं तर पुन्हा सुरुवातीपासून. नाहीतर दुरुस्तीचीच सवय लागते आणि प्रत्येक स्वराला शेपूट येतं.

बोटाला खोबरेल तेल लावतात, पण किती? बोटाच्या टोकाला लावून पुसायचं, मग जे उरेल तेवढं. तेल गजाच्या केसांना लागलं की तिथे राळ धरत नाही, गज घसरतो आणि केस बदलण्याशिवाय इलाज नाही. म्हणून तेलाच्या हाताने केसांना कधीच शिवायचं नाही.

नगमा:
प्रात्यक्षिकात एक गोष्ट कराच. एकच सोपी बंदिश, यमनची वगैरे, मुलीला दोनदा वाजवायला सांगा. पहिल्यांदा गज शब्दाप्रमाणे वळवायचा: अक्षर बदललं की गज बदलेल, आकार लांबला की एकाच गजात. दुसऱ्यांदा गज मात्रेप्रमाणे, दा-रा दा-रा असा, आणि मध्ये वरची मोकळी सां सतारीच्या चिकारीसारखी (बाजूच्या छेडायच्या तारेसारखी) छेडत. स्वर तेच, बोटं तीच. पहिलं वळण दातार-राजम यांच्याकडचं, दुसऱ्यात जोगांचा अर्धा भाग. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोकांना न बोलता मिळेल. झाल्यासाठी प सा प सां हीच जुळणी हवी, कारण सा प सा प मध्ये वरची मोकळी तार पंचम असते.

आणि मालकंस ठेवू नका, किंवा ठेवलाच तर पंचमाच्या तारा मध्यमावर उतरवा. न वाजवताही पंचमाची तार बाजूने गुंजते आणि त्या रागात ती खडा लागल्यासारखी लागते.

वेळेची वाटणी, माझ्या अंदाजाने: गजाननबुवा १५ मिनिटं, पलुस्करांच्या साथीतले दातार ३, दातार सोलो १५, प्रात्यक्षिक २०, राजम १५, जोग-बिस्मिल्ला खाँ शेवटी १२. उरलेली दहा मिनिटं बोलणं, तेही तुकड्यातुकड्यात. जुगलबंदी शेवटी कारण तिच्यानंतर दातार लावले तर लोकांना ते फिके वाटतील, आणि तो त्यांच्यावर अन्याय.

सायंमेळा:
क्रम पटला. हॉलला एकच माइक आहे, तंबोरा मोबाइलवर चालेल ना?

घोडीवाला:
तंबोरा मोबाइलवर चालेल, पण वेगळ्या स्पीकरवरून, मुलीच्या मागे ठेवा, म्हणजे तिलाही ऐकू येईल. माइक व्हायोलिनच्या पोटासमोर फूटभर अंतरावर, एफच्या आकाराच्या भोकाच्या रोखाने पण किंचित तिरका. घोडीच्या अगदी जवळ नेला तर राळेची खरखर सुरांच्या आधी पोचते. आणि त्या दिवशी राळ तीन-चार ओढच लावा, ए.सी. हॉलमध्ये जास्त लावायचा मोह होतो.